सीनेनं नेलेली माती

(दृश्य : लांबोटीचा पूल, वरून. खाली तपकिरी पाणी.)

हा सोलापूर-पुणे महामार्ग. मोहोळ सोडून सोलापूरकडे निघालं की लांबोटीला सीना नदी लागते. एरवी एसटीतल्या माणसाला पूल कधी आला नि कधी गेला, पत्ताही लागत नाही. 2025 च्या सप्टेंबरात मात्र इथं वाहतूक थांबवावी लागली. तिकडे विजयपूरचा रस्ता हत्तूरजवळ बंद. या सोलापूर जिल्ह्यानं पूर म्हणून ओळखला तो भीमेचा. पंढरपुरात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलं की बातमी व्हायची. सीना एवढी येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

(दृश्य : उन्हाळ्यातलं पात्र. जुनं चित्रण.)

असणार तरी कसं? हे बघा तिचं उन्हाळ्यातलं रूप. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. सीनेत पाणी दिसायला हवं तर भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी बोगद्यातून आणून सोडावं लागतं. ‘सीनेत पाणी सोडा’ ही इथली कैक वर्षांची मागणी. त्यासाठी अर्ज झाले, आंदोलनं झाली.

त्या सप्टेंबरात पाणी न मागता आलं. वर अहिल्यानगर, बीड, धाराशिवला पावसानं झोडपून काढलं. सीना-कोळेगाव धरण भरलेलं, परांड्याकडचे चांदणी आणि खासापुरी हे प्रकल्पही भरलेले. भरल्या धरणात आणखी पाणी आलं की ते खाली जाणारच. त्यात बार्शीकडून येणारी भोगावतीही दुथडी भरून सीनेला मिळाली. विसर्ग दोन लाख क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. उजनीखालच्या भीमेनं असले आकडे पचवलेत. सीनेचं पात्र त्या मापाचं नाही.

(दृश्य : गावातल्या पोरांनी मोबाइलवर टिपलेलं. आवाज मूळचाच ठेवावा.)

माढा तालुक्यातली दारफळ, उंदरगाव, केवड, वाकाव ही नदीकाठची गावं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराचे जवान आले.

(निवेदन थांबते.)

(दृश्य : पाणी ओसरल्यानंतरचं शेत. कॅमेरा जमिनीलगत.)

पूर म्हटला की सगळे पाणी दाखवतात. आतापर्यंत आपणही तेच पाहिलं. आता ही कड बघा. वर उभा ऊस, आणि त्याच्या मुळ्या खाली हवेत लोंबतायत. त्यांच्याखाली काळी माती होती. आता उघडा मुरूम आहे, त्यावर नदीतले गोटे. बाभळीच्या फांदीला अडकलेल्या ठिबकच्या नळ्या कुणाच्या रानातल्या, कोण सांगणार? मोटरीची स्टार्टर पेटी उघडली तर आत गच्च चिखल.

22 सप्टेंबरला घटस्थापना होती. घटाला लागणारी माती आपल्याच वावरातली आणायची, ही रीत. पत्रावळीवर ती काळी माती पसरली, धान्य पेरलं, दिवा लावला. पुढच्या दोन दिवसांत पुरानं ते वावर धुऊन नेलं.

(दृश्य : कोल्हापुरी बंधारा. एका बाजूला मोठं भगदाड.)

माती गेली कशी, ते या बंधाऱ्यापाशी समजतं. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे दगडी किंवा काँक्रीटचे खांब. खांबांना खाचा, खाचांत लोखंडी दारं. पावसाळा सरता सरता दारं घालायची, पाणी अडवायचं. पुढच्या पावसाळ्याआधी काढून घ्यायची. पुराला वाट मोकळी हवी. दारं खाचेतच राहिली, किंवा काढलेल्या ठिकाणीही झाडंझुडपं, ओंडके, उसाची मोळकी येऊन खांबांत तटली, की बंधाऱ्याची भिंत होते. तुंबलेलं पाणी मग बाजूचा मातीचा भराव फोडतं आणि बगलेनं शेतात शिरतं. बंधारा जागेवर उभा, नदी त्याला वळसा घालून चाललेली. जिथून ती शिरली तिथलं रान वाहून गेलं, आणि बांधही गेला. आता हद्द कुठली, हे मोजणीशिवाय कळायचं नाही.

(दृश्य : पंचनामे. चावडीपुढची गर्दी.)

घरं पडली, दावणीला बांधलेली जनावरं गेली, हातातोंडाशी आलेलं सोयाबीन कुजलं. ऑक्टोबरात राज्य सरकारनं मदत जाहीर केली. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं, बुजलेल्या विहिरीला 30 हजार.

(दृश्य : ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माती ओतली जाते.)

पैसा मिळाला तरी माती आणायची कुठून? शेजाऱ्याचंही रान गेलंय. तळ्यातला गाळ आणायचा तर ट्रॉलीचं भाडं, जेसीबीचं तासाचं बिल, आणि एका हेक्टरला लागणाऱ्या खेपा. इतकं करून पसरलेला गाळ पहिल्या वर्षी पीक धरेलच असं नाही.

(दृश्य : पुन्हा बंधारा. भगदाडातून वाहणारी बारीक धार.)

पावसाळा संपला की या बंधाऱ्याला दारं घालायची वेळ येते. पण भराव बांधल्याशिवाय ती घालून उपयोग नाही. अडवलेलं पाणी बगलेनं निघून जाईल, आणि उन्हाळ्यात पुन्हा उजनीकडं अर्ज.