पंखाखालचं दुसरं छिद्र

(दृश्य: सकाळ. हँगरचं पत्र्याचं दार सरकतं. आत दोन आसनी छोटं विमान, रंग अजून न दिलेला.)

हे विमान कारखान्यातून आलेलं नाही. अमेरिकेत ऑरेगनमध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट म्हणून कंपनी आहे. तिच्याकडून खोक्यांमधून पत्रे आले आणि हजारो रिव्हेट मारून त्यांचं विमान झालं ते इथे, या हँगरमध्ये. मॉडेल आरव्ही-७. या कंपनीची ११ हजारांहून जास्त विमानं अशीच हौशी लोकांनी बांधून उडवली आहेत. घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवर जुळणी झालेलं कॅप्टन अमोल यादव यांचं विमान आठवतं. अमेरिकेत या छंदाला स्वतंत्र नियमावली आहे. निम्म्याहून जास्त काम हौसेखातर, शिकण्यासाठी केलेलं हवं, ही त्यातली मुख्य अट.

पंखाची उचल ढासळण्याआधी पायलटला सावध करणारा सेन्सर बसवायला आज डाव्या पंखाखालची झाकणी उघडली आहे. पंखाखाली पिटो नळी असते. समोरून येणारी हवा तिच्या तोंडात शिरते आणि तिच्या दाबावरून वेग कळतो. जुन्या नळीला एकच छिद्र होतं. हे विमान बांधणाऱ्या आमच्या यजमानांच्या हातात जी नवी आहे, तिला दोन आहेत. दुसरं टोकाच्या खालच्या उतारावर, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही.

त्या छिद्रासाठी एवढी खटपट कशाला?

(दृश्य: वेगदर्शक. हिरव्या पट्ट्याचं खालचं टोक.)

वेग अमुक एका आकड्याखाली गेला की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल ढासळते, असं नवशिक्याला वाटतं. वेगदर्शकावरच्या हिरव्या पट्ट्याचं खालचं टोकही तसंच सांगतं. पण तो आकडा पूर्ण वजनाचा आणि सरळ उड्डाणाचा. पंख खरं तर वेगाने स्टॉल होतच नाही, तो कोनाने होतो. हवा ज्या दिशेने येते आणि पंख ज्या दिशेने रोखलेला असतो, त्या दोहोंतला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. साध्या पंखाला तो १५-१६ अंशांच्या आसपास गेला की वरच्या पाठीवरून वाहणारी हवा पाठ सोडते. पतंगाची कन्नी चुकीची बांधली की वारा कितीही असो, पतंग गोते खातो. इथेही दोष वाऱ्याचा नसतो.

आता हिशेब बघा. समजा सरळ उडताना हे विमान ५० नॉटला (ताशी सुमारे ९३ किलोमीटरला) स्टॉल होतं. उंची न सोडता ४५ अंश कलून वळलं, तर तेच ६० नॉटला. ६० अंश कललं, तर ७१ला. वेगदर्शकावर ६५ दिसतायत, पायलट निर्धास्त आहे, आणि पंख केव्हाच हरलेला आहे.

हे घडतं ते बहुधा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. धावपट्टीची रेघ ओलांडून विमान पुढे जातं, पायलट वळण आणखी कसतो, स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, पोटाशी ओढतो. खाली जमीन जवळ. सावरायला उंची नाही. नजर धावपट्टीवर असते, आणि ती तिथेच असायला हवी. वेगदर्शकाकडे त्या क्षणी कोण बघतंय?

सेस्नासारख्या विमानांत यासाठी पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. स्टॉल जवळ आला की तिथे हवा उलटी ओढली जाते आणि आतली पट्टी वाजते, अगदी बाजाच्या पेटीतल्या सुरासारखी. स्वस्त, वीज न लागणारं, हुशार काम. पण सूर एकच. तो आधी गप्प असतो आणि मग एकदम ओरडतो. घरी बांधलेल्या कित्येक विमानांत तर तेवढंही नसतं.

(दृश्य: नव्या नळीचं टोक, अगदी जवळून.)

दोन छिद्रांची युक्ती साधी आहे. विमानाचं नाक वर जाऊ लागलं की हवा खालच्या उतारावर जास्त थेट आदळते, त्या छिद्रातला दाब वाढतो. मात्र वेग वाढला तरी दाब वाढतोच. वेग दुप्पट, दाब चौपट. म्हणून एका दाबाला दुसऱ्याने भागायचं. वेग दोन्हीत सारखाच मुरलेला असल्याने भागाकारात तो गळतो. उरतो तो कोन.

दुसरा मार्ग पात्याचा. वातकुक्कुटासारखं एक पातं पंखापुढे लावायचं, त्याच्या मुळाशी चुंबक, आणि ते किती फिरलं ते वाचणारी चिप. काही हौशी मंडळी असं पातं थ्रीडी प्रिंटरवर घरीच काढतात. पण पंख येणारी हवा आधीपासूनच वाकवत असतो, त्यामुळे पातं बरंच पुढे दांड्यावर धरावं लागतं. आमच्या यजमानांनी ते नाकारलं. त्यांचं कारण वेगळं. हँगरमध्ये वावरताना डोकं आपटून आठवड्याभरात वाकेल, म्हणतात.

अँगल ऑफ अटॅक हा शब्द बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो बोइंग ७३७ मॅक्समुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअर, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्स, मिळून ३४६ माणसं गेली. तिथे एकाच सेन्सरच्या चुकीच्या वाचनावर विसंबून संगणक नाक खाली ढकलत राहिला. इथल्या सेन्सरला असा कुठलाही अधिकार नाही. तो फक्त बोलणार, स्टिक माणसाच्याच हातात राहणार.

(दृश्य: झाकणीतून कोपरापर्यंत आत गेलेला हात.)

दिवसाचा मोठा भाग गेला तो मात्र एका नळीपायी. पंख रिव्हेट मारून केव्हाच बंद झालाय. दुसऱ्या छिद्रापासून कॉकपिटपर्यंत बोटाहून बारीक प्लास्टिकची नळी न्यायची, तीही एकामागून एक रिबांच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांच्या, भोकांतून. लेंग्यात नाडी ओवतात तसंच हे काम, फक्त सेफ्टी पिन चिमटीत धरता येत नाही. नळी ओढायचा दोरा दोनदा निसटला. शिवाय याच कप्प्यात एलरॉनचा, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेचा, दांडा पुढे-मागे होतो. नळी त्याला अडकली तर सेन्सर नसलेला परवडला, मरण नको. म्हणून नळी बांधून झाल्यावर स्टिक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि आत टॉर्च. एकदा नाही, चारदा.

मग गळती. इथे तोंडाने फुंकायचं नाही, आतली यंत्रं नाजूक असतात. इंजेक्शनची सिरिंज आणि यू आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी, बस्स. १०० नॉटचा दाब म्हणजे पाण्याचा साडेसोळा सेंटिमीटर उंच स्तंभ. आणि ५० नॉटचा? फक्त चार सेंटिमीटर. हे सगळं ज्या क्षणासाठी चाललंय, त्या क्षणी यंत्राच्या हाती पाण्याचे हे चारच सेंटिमीटर असतात. एक सांधा किंचित सैल, आणि ते खोटं बोलणार. पाण्याची पातळी मिनिटभर हलली नाही, तेव्हा कुठे यजमान खाली बसले.

(दृश्य: आकाशात विमान. नाक हळूहळू वर.)

यंत्राला या पंखाचा स्टॉल कुठे आहे हे माहीत नसतं. ते दाखवावं लागतं. भरपूर उंचीवर जायचं, पॉवर कमी करायची, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा चेंडू मध्यावर ठेवून सावकाश नाक उचलत न्यायचं, विमान थरथरून मान टाकेपर्यंत. पुन्हा पुन्हा. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली सोडले की पंखाचा आकार बदलतो, म्हणून तसंही. घाईने ओढलं तर नोंद चुकते, आणि चुकीची नोंद यंत्र नसण्यापेक्षा वाईट.

आवाज हेडफोनमध्ये येतो. आधी सुटा सुटा टुक्, मग जवळजवळ, आणि शेवटी सलग एक सूर. पडद्यावर रंगीत पट्ट्याही आहेत, पण माझ्या मते त्या शोभेच्या. वळणावर डोळे बाहेर असतात, कान मोकळे असतात.

(दृश्य: हँगर. पिटो नळीवर लाल फीत लावलेली टोपी चढते.)

रात्री टोपी विसरायची नाही. कुंभारीण, ती मातीचं घरटं करणारी गांधीलमाशी, अशी छिद्रं हेरूनच असते.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी. दोघं जण विमानात चढतात, टाक्या भरलेल्या.)

आज उजव्या सीटवर माणूस आहे, पेट्रोल काठोकाठ. काल यजमान एकटे होते. तोच डोंगर, तीच उंची, तसंच सावकाश वर जाणारं नाक. विमान मान टाकतं ते कालच्यापेक्षा पाच नॉट जास्त वेगालाच. वेगदर्शकावरचा कालचा आकडा आज कामाचा नाही.

हेडफोनमध्ये टुक्‌टुक् सलग झाली ती मात्र थरथर सुरू होण्याच्या जरा आधी. कालही ती तिथेच झाली होती.