पुनर्विकासाच्या नकाशातली तीन मीटर वाट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पर्यावरणपूरक पुनर्विकासाचा आराखडा कसा तपासावा’. पाणी, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, हरित मानांकन, सगळं येणार आहे. पण सुरुवात पायवाटेपासून करतो, कारण आराखड्यात ती कुणीच तपासत नाही.

इथे कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशी सगळीकडची मंडळी आहेत. म्हणजे निम्म्यांच्या घरामागे टेकडी, उरलेल्यांच्या मागे ओढा, आणि सगळ्यांच्या मध्ये सीमाभिंत. टेकडी खिडकीतून दिसते, पण तिथे जायला गाडी काढायची, वळसा घालायचा आणि पायथ्याशी पार्किंगवरून भांडायचं. चालण्याच्या व्यायामासाठी एवढी यातायात फक्त पुण्यातच होत असेल.

याचं कारण एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणात आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही मूळ १.१० वर अडकता. ९ मीटर झाला की प्रीमियम (पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) यांचं दार उघडतं. म्हणून ६ मीटरच्या गल्लीतल्या सोसायट्या एकत्र येऊन महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची नवी हद्द, आखून घेतात आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडतात. कुणी कुरकुर करत नाही. तीच दीड मीटर मागच्या बाजूला पायवाटेसाठी मागून बघा! वाटेला एफएसआय नाही, त्यामुळे वाटेला वालीही नाही.

ब्रोशरमध्ये मात्र ‘नेचर ट्रेल’ हमखास असते. नकाशा उघडून बघा: ती ट्रेल म्हणजे अग्निशमन बंबासाठी सोडलेल्या ६ मीटर मोकळ्या जागेतल्या काँक्रीटवर मारलेला लाल रंगाचा पट्टा. घाण्याच्या बैलासारखं इमारतीभोवती फिरायचं. ती कुठेच जात नाही. आणि टेकडीच्या बाजूचा मागचा कोपरा, जिथून खरी वाट निघायला हवी, तिथे ट्रान्सफॉर्मर, कचरा-खोली आणि एसटीपीचा ब्लोअर बसवलेला असतो. नकोशा वस्तू मागे, हा आपला जुनाच शिरस्ता.

आता फाटकाबद्दल. इथे थोडा वेळ जाईल, पण सगळी गोची तिथेच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये पादचारी मार्गाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर दिली आहे. सायकली दोन्ही दिशांनी जाणार असतील तर ३ मीटर धरा. वाट झाली, की तोंडाशी दुचाकी अडवायला खांब लावतात. व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर फट लागते. स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद. म्हणजे आजोबांची खुर्ची जिथून जाते, तिथून नातवाची ॲक्टिव्हाही जाते. मग तक्रारी. मग खांबांऐवजी नागमोडी रेलिंग येतं, त्यात बाबागाडी अडकते. मग छोटं फाटक, रात्री १० ते सकाळी ५ बंद. मग दिवसाही कुलूप, किल्ली वॉचमनकडे. मग सिक्युरिटी एजन्सी बदलते आणि किल्ली जुन्या वॉचमनबरोबर गावी जाते. शेवटची पायरी वेल्डिंगची.

खरं तर वाटेच्या टेकडीकडच्या टोकाला ही भांडणं करायची गरजच नाही. तिथे दुचाकीला पुढे जायला जागा नसते, उघडं ठेवा. प्रश्न येतो तो वाट दोन रस्ते जोडते तिथे. तिथे थोड्या पायऱ्या आणि शेजारी मधे वळण घेणारा रॅम्प द्या, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा. खुर्ची आरामात वळते, स्कूटरवाल्याला मात्र शॉर्टकटचा फायदा उरत नाही.

रॅम्पवरून पातळीचं आठवलं. उतार १:१२ हवा. पोडियम, म्हणजे इमारतीखालचा उंच चौथरा, मागच्या जमिनीपेक्षा १.२ मीटर वर असेल तर १४.४ मीटर लांबी लागते. टेकडी तासून ३ मीटरची भिंत उभी केली असेल तर ३६ मीटर, शिवाय मधले टप्पे वेगळे. एवढी लांबी आधी राखून ठेवली नाही तर काम चालू असताना उतार १:८ होतो आणि खुर्चीवाला खालीच राहतो. म्हणून नुसता प्लॅन बघू नका, मागच्या हद्दीपर्यंतचा छेद, म्हणजे उभा काप दाखवणारा नकाशा, मागा, त्यावर पातळ्या लिहिलेल्या असू द्यात.

ओढ्याच्या बाजूला एक भान ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात सीमाभिंती कोसळल्या, हे इथे सांगायला नको. पूररेषा दोन: निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. वाट या रेषांच्या आत, ओढ्याकडच्या खालच्या पट्ट्यात घ्यायची असेल तर भिंत नको, भराव नको, पाणी आरपार जाईल अशी जाळी पुरे.

आणि कागद. ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडात १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, पण ती तिथल्या सभासदांची, वाटसरूंची नव्हे. शेजारच्यांना त्यातून जायचं असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली नोंदणीकृत हक्क लागतो. ही अट निविदेत हवी, विकसन करारात हवी आणि मंजूर नकाशात रंगवलेली हवी. पुनर्विकासाच्या नकाशावर जाहीर सुनावणी होत नाही. मंजुरीनंतर हरकत घ्यायला खिडकीच नाही. टेकडीची हद्द वनखात्याची असेल तर फाटकासाठी त्यांची परवानगी वेगळी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय भराभर घेतो.

पाणी: १००० चौरस मीटर गच्ची, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के हाती लागला तर ५.६ लाख लिटर. १०० सदनिका, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोजची गरज ६७,५०० लिटर. म्हणजे वर्षभराचा पाऊस आठ दिवसांचा. रेनवॉटर हार्वेस्टिंग करा, पण त्यावर टँकर बंद होतील असं सभेत सांगू नका. खरी बचत दुहेरी प्लंबिंगची, म्हणजे फ्लशला शुद्ध केलेलं सांडपाणी वेगळ्या नळातून देण्याची, कारण १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात.

एसटीपी: सगळी घरं भरतील असं धरून एकच टाकी बांधली तर पहिली दोन वर्षं पुरेसं सांडपाणीच येत नाही, जिवाणू मरतात, वास सुटतो. दोन टप्प्यांत मागा.

मानांकन: पातळीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. बांधकामाआधी मिळणारं प्री-सर्टिफिकेट म्हणजे नुसता इरादा. शेवटचा हप्ता अंतिम प्रमाणपत्राशी बांधा.

झाडं: पन्नास वर्षांवरची वारसा वृक्षांत मोडतात. त्यांच्या मुळांखाली बेसमेंट नेऊ देऊ नका.

भाडं, कॉर्पस आणि पार्किंग सोडून काही प्रश्न असतील तर घेतो.