आधी रिकाम्या हातांनी जा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुत्र्याचे नवे पिल्लू आले की पहिले चार दिवस कौतुकात जातात, पाचव्या दिवशी उंबऱ्याजवळची चप्पल फाटलेली सापडते आणि आठवडा सरता सरता शेजारी सुचवतात की आता याला कुठेतरी शिकायला घाला. पिल्लांना त्यांच्या मालकांसह एकत्र जमवून शिकवण्याचे वर्ग आता आपल्या खानदेशातही कुठे मैदानावर, कुठे सभागृहात भरू लागले आहेत. असा वर्ग निवडावा कसा, एवढ्याच प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे.

माझी सारी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत बैल, म्हशी आणि शेळ्यांच्या सहवासात गेली. कुत्री माझ्या वाट्याला आली ती बहुधा लस टोचण्यापुरती. तरीही निवृत्तीनंतर स्वतःच्या घरी पिल्लू आले तेव्हा वर्ग निवडताना मी जी चूक केली ती नवख्या माणसाला शोभली असती, मला शोभली नाही. त्या चुकीतून जे हाती लागले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुकरची शिट्टी झाली तरी मुद्दा हुकणार नाही. पिल्लाला नेण्यापूर्वी एकदा तुम्ही रिकाम्या हातांनी त्या वर्गाला जा, भिंतीकडेला बसून एक पूर्ण तास पाहा, आणि सर्वांत हुशार पिल्लाकडे न पाहता सर्वांत भेदरलेल्या पिल्लाकडे पाहा.

आमचे पिल्लू धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाआड जन्मले. भावंडांपैकी उरलेले हे एकटेच तिथल्या पहारेकऱ्याने माझ्या हाती दिले, तेव्हा ते सात आठवड्यांचे असावे. अंगावर राखाडी रंगात बारीक काळे ठिपके होते, थेट कळण्याच्या भाकरीसारखे, म्हणून माझ्या आईने त्याचे नाव कळण्या ठेवले. हल्ली घरोघरी टायगर आणि रॉकी झाले आहेत, त्यामुळे एका घरातून हाक गेली की गल्लीतली तीन कुत्री धावत येतात. कळण्या म्हटल्यावर एकच येते, हा या नावाचा फायदा मी कोणालाही पटवून द्यायला तयार आहे.

पहिली लस झाली, जंताचे औषध दिले आणि मी वर्ग शोधू लागलो. कोणीतरी एक नाव सुचवले, मी फोनवर बोललो आणि काहीही न पाहता सहा आठवड्यांचे पैसे आगाऊ भरून मोकळा झालो. वर्ग शहराबाहेरच्या मैदानावर संध्याकाळी भरत असे. शिक्षकांचा आवाज खणखणीत होता, पोशाख टापटीप होता, आणि त्यांचा स्वतःचा जर्मन शेफर्ड असा तयार होता की त्यांनी नुसते बोट वर केले तरी तो खाली बसत असे. मी त्या कुत्र्याकडे पाहत राहिलो आणि तिथेच फसलो.

मैदानावर अठरा कुत्री एका रांगेत उभी होती, अडीच महिन्यांच्या पिल्लांपासून तीन वर्षांच्या लॅब्रॅडॉरपर्यंत सगळी एकत्र. लसीचे कार्ड कोणी विचारले नाही. प्रत्येकाच्या गळ्यात ओढली की आवळणारी साखळी होती, आणि कळण्याच्या गळ्याला ती मोठी होत होती म्हणून त्याला दोरीचा फास करून दिला गेला. शेजारच्या लॅब्रॅडॉरने बसायला उशीर केला तेव्हा शिक्षकांनी साखळीला असा हिसका दिला की ते थोराड कुत्रे केकाटले, आणि धाक असल्याशिवाय जनावर ऐकत नाही, असे ते आम्हा सर्वांना उद्देशून म्हणाले. कळण्याने उभ्या जागी मुतून दिले, माझ्या हातातून दोरी सोडवून घेतली आणि तो स्कूटरखाली जाऊन बसला. आयुष्यभर मी शेतकऱ्यांना सांगत आलो की बैलाची शेपटी पिरगाळू नका, आणि त्या संध्याकाळी मात्र माझ्या तोंडून अवाक्षर निघाले नाही, कारण चारचौघांत शिक्षकाला टोकणे बरे दिसत नाही असे मला वाटले.

घरी आल्यावर माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईने कळण्याला मांडीवर घेतले, सगळा प्रकार ऐकला आणि अहिराणीत एवढेच म्हणाली, ‘ते लेकरू शे रे.’ पुढचे आठ दिवस दोरी दिसली की कळण्या पलंगाखाली जात असे. मी पुन्हा त्या मैदानावर गेलो नाही. भरलेले पैसे बुडाले, आणि ते बुडाले याचे मला दुःख नाही.

दुसरा वर्ग एका मंगल कार्यालयात भरत होता. पौष महिना होता, लग्ने नव्हती, म्हणून सभागृह रविवारी सकाळी स्वस्तात मिळत असे. शिकवणारी तरुण मुलगी होती, सर्वजण तिला ताई म्हणत. फोनवर मी नाव सांगून पैसे किती भरायचे असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘काका, पैशांचे नंतर पाहू. या रविवारी कळण्याला आणू नका, तुम्ही एकटेच या.’ मला हे विचित्र वाटले, पण मी गेलो. दारातच एक मुलगा प्रत्येकाचे लसीचे कार्ड पाहत होता. फरशी नुकतीच ब्लीचच्या पाण्याने पुसलेली होती आणि तिच्यावर पाय घसरू नयेत म्हणून सतरंज्या अंथरल्या होत्या. पिल्ले सहाच होती आणि सगळी चार महिन्यांच्या आतली होती.

त्यांतले एक पॉमेरेनियन आत येताच खुर्चीमागे दडले. मला वाटले, आता त्याला ओढून मधे आणतील. ताईने दोन खुर्च्यांवर एक चादर टाकून आडोसा केला, त्या पिल्लाच्या मालकिणीला आडोशाशेजारी खाली बसायला सांगितले आणि तिच्या हातात उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे दिले. मालकिणीने अधूनमधून एक तुकडा आत सरकवायचा, बाकी काही करायचे नाही. तासाभरात त्या पिल्लाला कोणी बस म्हटले नाही की ये म्हटले नाही. शेवटी चादरीखालून त्याचे नाक बाहेर आले, तेव्हा ताईने शाबासकी मालकिणीला दिली. माझ्यातला सरकारी नोकर मनात म्हणाला की या बाईंचे पैसे वाया गेले. पुढच्या रविवारी ते पिल्लू चादरीबाहेर बसले होते आणि तिसऱ्या रविवारी चादर घडी करून ठेवलेली होती.

कळण्याला मी दुसऱ्या रविवारी नेले. ताईने पहिला प्रश्न मला विचारला तो असा की घरात याला बसायला सांगताना कोण काय म्हणतो. मी ‘बस’ म्हणत होतो, नातू ‘सिट’ म्हणत होता आणि आई ‘बठ’ म्हणत होती. ताई म्हणाली की त्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो. एका कामाला तीन आवाज असतील तर तो कोणताच धरणार नाही, म्हणून घरात सर्वांनी एकच शब्द ठरवा. आम्ही ‘बठ’ ठरवला, कारण दिवसभर त्याच्याजवळ आईच असते. त्याच नियमाने ‘इकडे ये’ऐवजी ‘आठे ये’ पक्के झाले, आणि इंग्रजी शाळेत जाणारा माझा नातू त्या निमित्ताने अहिराणीचे दोन शब्द शिकला, जे मला अनेक वर्षांत त्याला शिकवता आले नव्हते.

चौथ्या रविवारी आई हट्टाने सोबत आली. तोवर माघ लागला होता, आणि वर्ग ऐन रंगात असताना बाहेरच्या रस्त्यावरून बँडसह वरात निघाली. ताईने खिडक्या लावल्या नाहीत. तिने सर्वांना सांगितले की बँड वाजू लागला की तुकडे देणे सुरू करा, बँड लांब गेला की थांबवा, म्हणजे या आवाजाबरोबर चांगले काहीतरी येते असे त्यांच्या मनात बसेल. बाकीची पिल्ले तुकड्यांच्या नादी लागली, पण कळण्या उठून उभा राहिला आणि थरथरू लागला. मी खिशात हात घालतो न घालतो तोच आईने कोपऱ्यातून, शेतात हाक मारावी अशा आवाजात, ‘बठ!’ म्हटले. कळण्या बसला. त्याच्याबरोबर वरात पाहायला खिडकीशी उठून गेलेले अमळनेरचे एक तेलाचे व्यापारी मुकाट्याने मागे येऊन खुर्चीवर बसले, माझा नातू बसला, आणि दारावर कार्डे पाहणारा मुलगाही बसला. सभागृह हसण्याने दुमदुमले, आणि त्या हसण्यात बँडकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही, कळण्याचेही नाही.

वेळ बराच गेला, म्हणून उरलेले भराभर सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नवी माणसे, आवाज आणि जागा सहज स्वीकारते. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचे नाही, असे आम्ही पशुवैद्यक पूर्वी सरसकट सांगत असू. आता तसे सांगितले जात नाही. अमेरिकेतील पशुवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच मत दिले की पहिली लस होऊन किमान ७ दिवस गेले असतील आणि पहिले जंतनाशक दिलेले असेल, तर सात-आठ आठवड्यांचे पिल्लू वर्गाला नेता येते, आणि पुढचे डोस वर्ग चालू असताना वेळच्या वेळी द्यावेत. म्हणूनच दारात कार्ड पाहणारा वर्ग हवा. पुन्हा सांगतो, जिथे तुमच्या पिल्लाचे कार्ड मागत नाहीत तिथे इतरांचेही मागितलेले नसते.

दुसरी गोष्ट जागेची. पार्व्हो हा कुत्र्यांचा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि त्याच्या बाबतीत फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही, ब्लीच लागते. भटक्या कुत्र्यांची ये-जा असलेल्या मैदानापेक्षा धुतलेली फरशी कधीही बरी. शिवाय आपला उन्हाळा लक्षात घ्या. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा संध्याकाळी सहालाही डांबर भाजते; हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही तर तिथे पिल्लाचे पाऊलही ठेवू नका. चैत्रापासून मृगापर्यंत वर्ग सूर्य वर येण्याच्या आत संपला पाहिजे. याच कारणाने बर्फाळ प्रदेशातला हस्की आपल्याकडे पाळणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. पशुवैद्यकाला १९८४ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते, तशी सक्ती कुत्र्यांना शिकवणाऱ्यावर नाही. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. एका शिक्षकामागे सहा ते आठ पिल्ले पुष्कळ झाली. आवळणारी साखळी, काटेरी पट्टा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा दिसला तर तिथून उठा. आठ दिवस आमच्याकडे सोडा, शहाणा करून परत देतो, असे कोणी हमीपूर्वक म्हणाले तरी उठा, कारण त्या वर्गात खरे तर तुम्ही शिकायचे असते आणि घरी रोज पाच-पाच मिनिटे तुम्हीच सराव करून घ्यायचा असतो. मोबाइलवर चित्रण करणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांचा एक हात कायम अडकलेला असतो आणि तुकडा नेहमी उशिरा पोचतो.

तुकड्यांसाठी अंडे, उकडलेले कोंबडीचे मांस, पनीर किंवा आपले जळगावचे केळे चालते, आणि त्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे हे पिल्लाला ठाऊक नसले तरी तुम्हाला असावे. लसणाची शेव, कांदा, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट अजिबात देऊ नका. ती कुत्र्याला विषारी आहेत.

साक्री, चोपडा, नवापूर अशा गावांतल्या श्रोत्यांना वाटेल की आमच्याकडे वर्गच नाही, मग निवडायचे काय. तिथे चार महिन्यांच्या आतली, कार्ड असलेली तीन-चार पिल्ले आणि त्यांची घरे एकत्र आली, एखाद्याची धुतलेली गच्ची मिळाली आणि गावातल्या पशुवैद्यकांनी एकदा डोळ्यांखालून घातले, तर आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. पहिल्या दिवशी पिल्लांना एकमेकांवर सोडू नका. आधी चारही दिशांना लांब बसवा, आणि एखादे खुर्चीमागे गेले तर दोन खुर्च्या आणि एक चादर जवळ ठेवा.

नमस्कार.