172 दिवस: स्कीन्स मे महिन्यात का आला आणि ग्रिफिन कधी येणार?

नमस्कार मंडळी, पिट्सबर्गहून. बेसबॉलचा 2025 चा हंगाम संपून दोन महिने होत आले, आपल्या पायरेट्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सला साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळाला, तोही एकमताने. माझ्या कमेंट्समध्ये मात्र एकच धोशा चाललाय, "दादा, ग्रिफिनला वर कधी आणणार?" (म्हणजे आपल्या खालच्या संघांतला तरुण कॉनर ग्रिफिन मोठ्या संघात कधी येणार.) आणि त्याच्या खालोखाल एक वाक्य, जे मी गेलं वर्षभर वाचतोय: "पायरेट्सनी स्कीन्सला मुद्दाम मेमध्ये आणलं आणि एक वर्ष वाचवलं." मंडळी, हे चूक आहे. आज त्यावरच बोलायचंय.

बेसिक गोष्टी पटकन. मोठ्या संघात 26 खेळाडू, क्लबच्या यादीवर 40. खाली शिकाऊ संघांच्या चार मुख्य पायऱ्या, खालून वर: ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जाऊ.

आता खरी भानगड, सर्व्हिस टाइम. आपल्याकडे सरकारी नोकरीत सेवापुस्तक असतं ना, तसंच समजा. मोठ्या संघात घालवलेला प्रत्येक दिवस खेळाडूच्या नावावर चढतो. हंगाम साधारण 187 दिवसांचा, आणि 172 दिवस भरले की एक वर्ष पूर्ण. तीन वर्षं झाली की पगारासाठी लवादाकडे जाता येतं, सहा झाली की खेळाडू मोकळा, वाटेल त्या संघाशी बोलणी करू शकतो. मग क्लबवाले काय करायचे? पोराला सुरुवातीचे दोनअडीच आठवडे खाली ठेवायचं. वर्षाअखेर 171 दिवस भरतात, सेवापुस्तकात वर्ष चढत नाही, आणि क्लबला सहाच्या जागी जवळपास सात वर्षं मिळतात. शिकागो कब्जनी 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला 17 एप्रिलला आणलं. वर्षाअखेर मोजले तर 171 दिवस! तो तक्रार घेऊन लवादापुढे गेला आणि 2020 मध्ये हरला. त्यामुळे तुमचा राग मला समजतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. 11 मे 2024, स्कीन्सचा पहिला सामना, समोर कब्ज. माझे वडील तेव्हा कोल्हापूरहून आले होते, त्यांना घेऊन मी पीएनसी पार्कला गेलो. त्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिलेला नव्हता. पहिल्या काही चेंडूंतच पाटीवर वेगाचे, ताशी शंभर मैलांच्या वरचे आकडे दिसायला लागले, तसे ते पुढे सरकून बसले. मग पाऊस आला आणि दोन तासांहून जास्त खेळ थांबला. शेवटी आपण 10-9 जिंकलो. त्या पावसात आडोशाला उभं असताना वडिलांनी विचारलं, "अरे, एवढा जबरदस्त पोरगा आहे, तर एप्रिलभर याला कुठं ठेवलेला?" मी म्हणालो, "इंडियानापोलिसला." ते म्हणाले, "का?" त्या "का"चं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज देतो.

दिवस मोजा. 11 मे ते 29 सप्टेंबर, 142 दिवस. म्हणजे जुन्या हिशोबाने वर्ष भरलं नाही. तुम्ही इथेच थांबता! पण क्लब आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2022 च्या करारात नवीन नियम आला: रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, याच्या मतदानात आपापल्या लीगमध्ये पहिल्या दोनात आलेल्या नवख्या खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं, दिवस कितीही भरलेले असोत. स्कीन्स पहिला आला. सेवापुस्तकात वर्ष चढलं. म्हणजे क्लबचं एकही वर्ष वाचलं नाही.

हेच उलट बाजूने बघा. तो एप्रिलच्या पहिल्या दिवसापासून वर असता तर? तेव्हाही 2029 संपल्यावरच मोकळा झाला असता. तारीख तीच. फरक एवढाच, की पिट्सबर्गला एप्रिलभर आणि मेचे पहिले दहा दिवसही स्कीन्स मिळाला असता.

आणि तिसरी बाजू, जी सगळ्यात जास्त खटकते. त्याच करारात अशीही तरतूद आहे, की नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला (होतकरू पोराला) सुरुवातीपासून वर ठेवलं, त्याला रीतसर वर्ष भरू दिलं आणि तो रुकी ऑफ द इयर झाला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीनंतर एक जादा निवड मिळते. स्कीन्स मेमध्ये आला, म्हणून ती निवड मिळाली नाही. आता सांगा, वाचवलं काय? त्याच्या हातावर ताण नको म्हणून चेंडू मोजून टाकायला लावत होते, हे कारण मी मान्य करतो. ते खेळाचं कारण आहे. पण "वर्ष वाचवलं" हे वाक्य कृपया पुन्हा लिहू नका.

आपला दुसरा तरुण पिचर बबा चँडलर, त्याचं वेगळं. त्याला 2025 च्या 22 ऑगस्टला आणलं, तोवर आपण सगळे ओरडत होतो, मीही. हंगाम 28 सप्टेंबरला संपला, म्हणजे 38 दिवस. 45 दिवसांच्या आत राहिला, म्हणून 2026 मध्येही तो रुकीच धरला जाईल. इथे दिवस मोजलेले दिसतात, आणि ते मला आवडलेलं नाही.

एकाने लिहिलंय, "40 जणांची यादी हा नुसता कागदी खेळ आहे." नाही हो! ठरावीक वर्षं झालेला खेळाडू त्या यादीत घेतला नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचा एक तरुण मॉन्ट्रियलच्या संघात होता, त्याला पिट्सबर्गने अशाच ड्राफ्टमधून 4,000 डॉलरना घेतलं. त्याचं नाव रोबेर्तो क्लेमेंते. मैदानाकडे जाताना आपण ज्या पुलावरून चालतो, त्या पुलाला त्याचं नाव आहे. कागदी खेळ म्हणू नका.

आणि हो, रिंकू सिंग आणि दिनेश पटेलबद्दल दर व्हिडिओखाली विचारता. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, 2008 मध्ये पायरेट्सनीच करार केला, ब्रॅडेंटनला खेळले. त्यांच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो, शब्द देतो.

आता मूळ दुखणं. स्कीन्सचा 2025 चा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) 1.97, आणि विजय-पराभव 10-10. असा पिचर दहा सामने हरतो म्हणजे मागे बॅटिंगच नाही. संघाचे विजय 71, पराभव 91. होम रन 117, तीसही संघांत सगळ्यात कमी. रेनॉल्ड्स आणि क्रूझ या दोन बॅटरांच्या भरवशावर किती दिवस काढणार? म्हणूनच सगळ्यांचा जीव कॉनर ग्रिफिनवर. 2024 च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला, 19 वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), पहिल्याच हंगामात तीन पायऱ्या चढला: बॅटिंगची .333 सरासरी, 21 होम रन, 65 चोरलेले बेस. पण अल्टूनाला तो ऑगस्टच्या मध्यानंतर पोहोचलाय, हेही लक्षात घ्या.

माझं मत असं. मार्चमध्ये ब्रॅडेंटनच्या सरावात मोठ्या पिचरांचे वळणारे चेंडू त्याला दिसत असतील, तर पहिल्या दिवसापासून वर आणा. चाचपडत असेल तर खुशाल अल्टूनाला ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण फक्त 16 दिवसांसाठी खाली ठेवू नका. तो पहिल्या दोनात आला नाही तर क्लबला वर्ष मिळेल, हे खरंय. पण ज्याला तुम्ही उद्याचा तारा म्हणता, तो पहिल्या दोनात येणार नाही यावर पैज लावायची? आणि स्कीन्सची सहातली दोन वर्षं तर संपलीसुद्धा. आपला पिचर गेरिट कोल 2018 मध्ये ह्यूस्टनच्या संघात गेला, ती बातमी मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचली होती. ते पुन्हा नको.

पुढच्या मे महिन्यात वडील परत येतायत. परवा फोनवर विचारत होते, तिकीट पिट्सबर्गचं काढायचं की अल्टूनाचं. मी म्हणालो, "बाबा, मार्चपर्यंत थांबा."