जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे

सात तारीख. भोसरी एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांचा पगार याच्या आसपास पडतो, आणि पगार जमा झाल्याचा मेसेज वाचून होईपर्यंत पैसे कट झाल्याचे मेसेज सुरू होतात, गाडीचा हप्ता गेला, ॲपचा हप्ता गेला, कार्डाची आठवण आली, आणि संध्याकाळी कोपऱ्यावर एक माणूस बाईक लावून उभा असतोच, त्याचा मेसेज येत नाही, तो स्वतःच येतो.

आपण ज्याच्याविषयी बोलतोय तो सीएनसी मशीनवर काम करतो. त्याचं नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय. हातात 24,000 पडतात, घरभाडं 6,500. वडिलांचं ऑपरेशन झालं त्याच काळात कंपनीने ओव्हरटाईम बंद केला आणि तिथून सगळं सुरू झालं. हॉस्पिटलचं बिल कार्डावर, ते राहिलं 50,000. मग दोन लोन ॲप, दोन्हींचे मिळून 20,000. मग ओळखीतल्या एकाकडून, म्हणजे त्याच कोपऱ्यावरच्या माणसाकडून, 40,000, शेकडा पाचने. आणि एका मित्राकडून 15,000 हातउसने. गाडीचा 2,900 चा हप्ता तर आधीपासून होताच.

आता हे सगळं तो कसं फेडत होता ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. ज्याचा फोन जास्त येतो त्याला आधी. ॲपवाले दिवसभर फोन करायचे म्हणून त्यांना पहिलं, कोपऱ्यावरच्या माणसाची भीती म्हणून त्याचं महिन्याचं 2,000 व्याज दुसरं, आणि कार्डवाली बँक नुसता मेसेज पाठवते, ओरडत नाही, म्हणून तिथे मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, भरून मोकळा. मित्र तर काहीच बोलत नाही, त्यामुळे त्याचा नंबर कधी लागलाच नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत कर्ज असंच फेडलं जातं, कोणाचं व्याज किती हे बघून नाही तर कोणाची धास्ती किती हे बघून.

त्याच्या बायकोने शाळेची जुनी वही घेतली. उभ्या रेघा मारल्या. कोणाचे, किती राहिले, महिन्याला किती जातात, आणि त्यातलं व्याज किती. शेवटचा कॉलम भरायला त्यांना दोन रात्री लागल्या, कारण तो आकडा कोणी सरळ सांगतच नाही.

कार्डाचंच घ्या. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 50,000 वर 1,750, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 315. झाले 2,065. हा भरायचा 2,500. म्हणजे मुद्दलात गेले फक्त 435 रुपये! आणि बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर किराणा भरला तर त्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, पन्नास दिवसांची सवलत वगैरे तेव्हा मिळत नाही. स्टेटमेंटवर हे असतं, पण पान उलटून कोण वाचतंय.

आणि शेकडा पाच. ऐकायला पाच टक्के, पण ते महिन्याचे, वर्षाचे झाले साठ. दोन वर्षं नुसतं व्याज भरलं तरी 40,000 चे 40,000 तसेच उभे आणि खिशातून गेले 48,000.

वही पूर्ण झाल्यावर बायको म्हणाली, माझं गंठण ठेवूया. तो नको म्हणाला, दोन दिवस बोलला नाही. शेवटी तिनेच त्याला समोर बसवून हिशोब दाखवला. बँकेत सोनं तारण ठेवून 60,000 घेतले, साधारण दहा टक्के वर्षाला, म्हणजे महिन्याला 500 व्याज. त्यातून ॲप बंद, कोपऱ्यावरचा माणूस बंद. जिथे या दोन्हींचे मिळून 5,200 जात होते तिथे आता 500. हा काही सगळ्यांसाठी उपाय नाही, आणि नवीन कर्ज काढून जुनं फेडताना जुनं खरंच बंद केलं नाही तर माणूस दोन्हीत अडकतो. पण कोणाकडे एफडी पडून असते साडेसहा टक्क्याने आणि तोच माणूस कार्डाला बेचाळीस टक्के भरत असतो, कोणाच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था असते आणि लाजेपोटी तिथे अर्ज करत नाही. आधी ही दारं ठोठवावीत.

कोपऱ्यावरच्या माणसाबद्दलही सांगायला हवं. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने लायसन्सशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे. लायसन्स असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. बरेच लोक करत नाहीत, त्याच गल्लीत राहायचं असतं, हे आम्हाला कळतं.

फोनचं मात्र सहन करू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना किंवा मित्रांना फोन करून बेइज्जती करायची नाही. लोन ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी उघडायची परवानगीच नाही. कॉल रेकॉर्ड ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला फी लागत नाही. ॲप बोगस असेल, फोटो मॉर्फ करून धमकी देत असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन.

इथून काही तासांवर पुणे जिल्ह्यातलंच सुपे गाव आहे. 12 मे 1875 ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले, कारण सगळा हिशोब त्या एकाच वहीत आणि ती वही कायम सावकाराकडे. चार वर्षांनी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. आज आपला हिशोब आपल्याच मोबाईलमध्ये येतो, मग तो न उघडता ठेवण्यात काय अर्थ आहे?

मित्राचं राहिलं. हा त्याला टाळत होता, दुसऱ्या शिफ्टला बदली मागून घेतली होती. शेवटी गेला आणि सरळ बोलला, एकदम जमणार नाही, महिन्याला हजार देतो. मित्र हो म्हणाला, एवढंच. कर्जाने माणूस आधी माणसांपासून तुटतो, आणि मग रात्री नको ते विचार येतात. तसं वाटत असेल तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. हिशोब नंतर होईल, आधी तो फोन करा, प्लीज.

मधे एकाने त्याला सांगितलं होतं, हप्ते बंद कर, आमची फी भर, निम्म्यात सेटलमेंट करून देतो. त्याने केलं नाही ते बरं झालं. सेटल केलेलं खातं क्रेडिट रिपोर्टमध्ये सेटल्ड म्हणून दिसतं, क्लोज्ड म्हणून नाही, आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलं की तेच आडवं येतं. खरंच पर्याय नसेल तर बँकेशी स्वतः बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

मोकळे झालेले 4,700, त्यातले हजार मित्राला, बाकीचे 3,700 आणि आधीचे 2,500 मिळून 6,200 दर महिन्याला कार्डात. नवीन खरेदी शून्य. दहा महिन्यांत कार्ड संपलं. आता तेच 6,200 गंठण सोडवायला जातायत. मित्राचे 5,000 बाकी आहेत.

गाडीचा शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात गेला. फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 घेतलाय, पुढच्या सुट्टीला आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला आरटीओचं काम करायचंय.