आधी दिसतं, मग ऐकू येतं

(दृश्य: काळ्या कातळाची खाण. लाल झेंडा.)

शिट्टी वाजली. माणसं ट्रकच्या, भिंतीच्या आडोशाला गेली. आपला कॅमेरा ७०० मीटरवर आहे. नजर कातळावर ठेवा.

(दृश्य: सुरुंग उडतो.)

कातळ उचलला गेला. भेगांतून धूळ फुटली. दगड वर चढले... आणि आत्ता आवाज आला. दोन सेकंदांनी.

आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं: तीन आकडे म्हणजे एक किलोमीटर. सिनेमात मात्र डोंगरापलीकडची गाडी उडते आणि त्याच क्षणी आपली खुर्ची हादरते.

हाच शॉट सावकाश बघा. जाळ कुठेच नाही. धूळ, माती, दगड, एवढंच. कातळाच्या भोकात ठासलेल्या स्फोटकाला बाहेरची हवा लागत नाही, ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उरकतं आणि त्याची ताकद कातळ फोडण्यात जाते.

(दृश्य: रात्रीचं चित्रीकरण. नारिंगी भडका.)

मग हा भलामोठा नारिंगी गोळा कुठून आला? हे जाड पोलादी भांडं बघा. सेटवर याला मोर्टार म्हणतात. तळाशी थोडी दारू, वर पेट्रोल. दारूच्या धक्क्याने पेट्रोल फवाऱ्यासारखं वर उडतं आणि हवेत पेटतं. सगळ्याला पुरेल एवढी हवा मिळत नाही, म्हणून काजळी धरते. तापलेली काजळी नारिंगी दिसते, निवली की तिचाच काळा धूर होतो. हा पेट्रोलचा भडका आहे. तो सावकाश फुलतो, म्हणून कॅमेऱ्यात सुरेख दिसतो. माणूस उचलून फेकण्याचा जोर त्यात नसतो.

(दृश्य: स्टंटमनची उडी, बाजूच्या कॅमेऱ्यातून.)

माणसाला उडवते ती त्याच्या पायाखालची फळी. दाबलेल्या हवेच्या जोरावर ती उसळी देते. कमरेला तार असते, ती नंतर संगणकावर पुसली जाते. समोरची लांब पल्ल्याची लेन्स भडका आणि माणूस एकमेकांना चिकटवून दाखवते. दोघांमधलं अंतर खरं केवढं आहे, ते इथून कळतं. या मंडळींची मेहनत खरी आहे, जोखीमही खरी.

पण भडक्याकडे पाठ करून संथ चालत येणारा नायक आम्हाला पटत नाही. खऱ्या स्फोटात जाळाच्या कितीतरी पुढे दाबाची लाट येते. स्फोटाच्या जवळ ती आवाजाहून वेगाने धावते, कानाचे पडदे फाडते, फुप्फुसं फाडते. आणि ती सहसा दिसत नाही.

(दृश्य: लेबनॉनची राजधानी बैरूत, ४ ऑगस्ट २०२०. मोबाइलचं चित्रण.)

इथे दिसली. बंदरातल्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे खतात आणि स्फोटकांत वापरलं जाणारं रसायन, वर्षानुवर्षं पडून होतं. आधी आग लागली, म्हणून लोक गच्चीत, खिडकीत मोबाइल धरून उभे राहिले. मग तो साठा फुटला. इथे चित्र थांबवू. हा पांढरा घुमट धुराचा नाही. लाटेच्या मागे हवेचा दाब एकदम उतरतो, दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि क्षणभर ढग दिसतो. समुद्रकाठ होता, हवेत ओल होती.

आता एकेक चौकट पुढे नेऊ. घुमट इमारतींवरून सरकतोय. चित्रण करणारा अजून उभाच आहे. काच अजून शाबूत आहे.

२०० हून जास्त माणसं गेली, हजारो जखमी झाली, कित्येकांना काचांनी कापलं.

कानाचा पडदा फाटायला लागतो त्याहून फार कमी दाबाला खिडकीची काच फुटते. दूरवर मोठा लखलखाट दिसला तर बघायला खिडकीशी जाऊ नका. खाली बसा, भिंतीचा आडोसा घ्या. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

(दृश्य: पुन्हा खाण. दुपारचा सुरुंग.)

हे मुकादम बघा. खाली बसलेत, दोन्ही हात कानांवर, तोंड भिंतीकडे. मागे कातळ उचलला गेलाय, दगड वर चढलेत. आवाज अजून यायचाय.