मोटर वर काढायच्या आधी

नमस्कार मंडळी. अमळनेरच्या या उन्हात, भर दुपारी, बोअरच्या मोटरीवर ऐकायला तुम्ही आलात, म्हणजे निम्म्यांच्या घरी आज टाकी कोरडी असणार.

माझं काम वायंडिंगचं, म्हणजे मोटरीतली जळालेली तार पुन्हा गुंडाळायचं. उन्हाळ्यात फोन येतो तो एकाच वाक्याचा : "भाऊ, मोटर जळनी." मी विचारतो, कशावरून? तर पाणी येत नाही म्हणून. पाणी न येणं आणि मोटर जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हे मलाही मार खाऊनच कळलं. धंद्यात नवा होतो. एका जिभाऊंच्या घरची मोटर दोनशे फुटांवर. तिपाई उभी केली, चेनकप्पी लावली, वीस फुटी दहा पाईप एकेक करून खोलले. तिघांचा दिवस गेला. मोटर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून माझ्या पेटीवर, म्हणजे स्टार्टरवर, लावली, तर पहिल्या झटक्यात सुरू! मग त्यांची पेटी उघडली. आत कपॅसिटर पापडासारखा फुगलेला. मजुरी मागायला तोंड नव्हतं. जिभाऊंनी चहा दिला, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तर पेटी. हिरवं बटण दाबून धरता तेव्हा स्टार्ट कपॅसिटर लाइनमध्ये येतो आणि मोटरला पहिला धक्का देतो. बटण सोडलं की तो बाहेर, रन कपॅसिटर मात्र चालूच. धक्काच मिळाला नाही तर मोटर नुसती घुमते आणि अ‍ॅम्पिअरचा काटा वर चढून बसतो. अशा वेळी बटण पुन्हापुन्हा दाबू नका, चांगली मोटर त्यानंच जळते. कपॅसिटरवर ३६ मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर २२ दाखवतोय, तर तो गेला, बाहेरून कितीही नवा दिसो. फक्त हात लावण्याआधी मेन बंद करा आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी लावून कपॅसिटर रिकामा करा. बंद पेटीतला कपॅसिटरही झटका देतो.

घुमण्याचं दुसरं कारण व्होल्टेज. आपल्याकडे शेतीच्या थ्री फेज विजेचा टाइम आला की सगळ्या शेतांतल्या मोटरी एकदम लागतात आणि घरचा काटा २३० वरून १८० वर येतो. तुम्ही म्हणाल, पाचवा हिस्साच तर कमी झाला. पण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. १८० वर तो साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. मोटर बिचारी काय करणार? पहाटे लावून बघा. पहाटे चालली तर दोष तिचा नाही.

अ‍ॅम्पिअरचा काटा अजिबात हलत नसेल तर केबल कुठेतरी तुटली आहे, किंवा वायंडिंग ओपन आहे, म्हणजे आतली तार तुटली आहे. लावताक्षणी एमसीबीचा खटका पडत असेल तर केबलचा जोड पाण्यात उतरला असेल, नाहीतर खरंच जळाली असेल. तिथे मेगर, म्हणजे वीज गळतेय का ते दाखवणारा मीटर, लावूनच बोलायचं, अंदाजानं नाही.

खरी गंमत काटा कमी दाखवतो तेव्हाची. मोटरच्या पाटीवर समजा ७ अ‍ॅम्पिअर लिहिलंय, नेहमी साडेसहा घेते, आज चारच घेतेय आणि नळातून फुसफुस हवा. म्हणजे ती पाण्याशिवाय फिरतेय. लगेच बंद करा. तिला थंड ठेवतं ते तिच्या अंगावरून जाणारं पाणीच. आता हिशेब बघा, लक्षात राहायला सोपा आहे : साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. मोटरीवर शंभर फूट पाणी उभं असेल तर साडेसहाशे लिटर. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला ४५ लिटर उपसा. झिरा, म्हणजे बोअरमध्ये झिरपून येणारं पाणी, आटला असेल तर पंधरा मिनिटांत खेळ संपला. पारोळ्याकडच्या काळ्या पाषाणात हे मे महिन्यात घरोघरी होतं. लोक मोठी मोटर टाकतात! मी म्हणतो, गेट व्हॉल्व्ह थोडा दाबा, झिऱ्याच्या चालीनं पाणी घ्या. पाणी किती खाली गेलं हे बघायला दोरीला लहानसा दगड बांधून केसिंगमध्ये हळूच सोडा आणि कान लावा. डुबुक ऐकू येतं. दोरी मोजा. केबलला गुंतणार नाही एवढं सांभाळा.

काटा ठीक, खाली पाणीही आहे, तरी वर येत नाही? मग पाईप तडकलाय. पाणी असूनही काटा कमीच दाखवत असेल, तर शाफ्ट, म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा दांडा, तुटलाय. तेव्हा बोलवा तिपाईवाल्याला. शाफ्ट तुटतो तो बहुधा घाईनं. एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळका असला की बंद केल्यावर पाईपातलं पाणी खाली पळतं आणि पंप उलटा फिरतो. तेवढ्यात लाईट येते, आपण धावत जाऊन बटण दाबतो. दोन मिनिटं थांबा ना.

बोला, मागच्या ताई. "आमचे आकडे आम्हाला माहीतच नाहीत." बरोबर आहे, कुणालाच नसतात. आज घरी गेल्यावर मोटर चालू असताना व्होल्टेज आणि अ‍ॅम्पिअर हे दोन्ही काटे वाचा आणि पेटीच्या झाकणाच्या आत खडूनं नाही, मार्करनं लिहा. मोटर किती फुटांवर आहे तेही. इथे एक पेटी उघडून ठेवली आहे, मेन काढलेला आहे. या पुढे, बघून घ्या.